खेळवावे की बसवावे?

कचेरीतला एखादा कारकून विषमज्वराने महिनाभर अंथरुणाला खिळला, तर ताप उतरल्याबरोबर त्याला आपल्या खुर्चीवर जाऊन बसता येत नाही. आधी डॉक्टरचा दाखला लागतो: 'सदर गृहस्थ कामावर रुजू होण्यास पात्र आहेत.' तो दाखला हेडक्लार्कपुढे जातो, त्यावर सही होते, नि मगच आमचे गृहस्थ पुन्हा फायलींच्या ढिगाऱ्यात स्वतःला गाडून घेतात. या दाखल्याची आपण थट्टा करतो. पण त्यात एक शहाणपण आहे. 'मी बरा झालो' हे ज्याचे त्याने सांगून चालत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी पारखून सांगावे लागते, आणि तो दुसरा माणूस साहेबाच्या पगारावरचा नसावा अशी अपेक्षा असते.

आता या कारकुनाच्या जागी जगातला सर्वांत नावाजलेला फुटबॉलपटू घाला, फायलींच्या जागी विश्वचषकाचा अंतिम सामना घाला, आणि हेडक्लार्कच्या जागी सुमारे सतरा कोटी माणसांचा एक अख्खा देश घाला. दाखला कोण देणार? आणि दिला, तर तो खरा कितपत मानायचा?

हा प्रश्न एकाच माणसाच्या बाबतीत चार वर्षांत तीनदा उभा राहिला. तिन्ही वेळा त्याला खेळवण्यात आले. पहिल्या वेळी त्याच्या संघाचा विश्वचषक गेला, दुसऱ्या वेळी त्याचा पाय जवळजवळ गेला, आणि तिसऱ्या वेळी सारे जग त्याच्या पायाशी आले. म्हणून जखमी खेळाडूला पुन्हा संघात घ्यावे की नाही, या वादात हवेतल्या गोष्टी बोलण्यापेक्षा त्याचीच कहाणी पाहू.

त्याचे नाव रोनाल्डो. हल्लीच्या मुलांना या नावाने पोर्तुगालचा खेळाडू आठवतो; हा त्याच्या आधीचा, ब्राझीलचा. जन्म १९७६ चा, रिओ द जानेरोच्या बेंतो रिबेरो नावाच्या गरीब उपनगरात वाढलेला. सतराव्या वर्षी १९९४ च्या विश्वविजेत्या ब्राझील संघाबरोबर तो अमेरिकेला गेला, एकही सामना न खेळता पदक घेऊन परत आला. पुढे हॉलंडातला पीएसव्ही, मग बार्सिलोना, आणि १९९७ मध्ये त्या काळची जागतिक विक्रमाची रक्कम मोजून इटलीतल्या इंटर मिलानने त्याला घेतले. दांडगे शरीर आणि नाचऱ्याचे पाय! समोर तीन बचावपटू उभे असले तरी मधून वाट आहे असे त्याला दिसे, आणि त्याला दिसे म्हणून ती असे. १९९६ व १९९७ अशी दोन्ही वर्षे जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. तेव्हा त्याचे वय होते एकवीस.

१२ जुलै १९९८. पॅरिसजवळ फ्रान्स विरुद्ध ब्राझील असा विश्वचषकाचा अंतिम सामना रात्री व्हायचा होता. दुपारी जेवणानंतर हॉटेलच्या खोलीत रोनाल्डोला एकाएकी फेफऱ्यासारखा झटका आला. खोलीतला सोबती रोबेर्तो कार्लोस घाबरून ओरडत बाहेर धावला. इतर खेळाडू जमले. काही वेळाने रोनाल्डो शांत झाला, झोपला, आणि उठला तेव्हा आपल्याला काय झाले हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याला पॅरिसमधील एका दवाखान्यात नेले. तपासण्या झाल्या. दोष सापडला नाही. इकडे मैदानावर प्रशिक्षक मारिओ झागालो यांनी संघाची यादी दिली, तीत रोनाल्डोचे नाव नव्हते. त्याच्या जागी एडमुंडो होता. जगभरच्या वार्ताहरांना ती यादी वाचून आपले डोळे फुटले की काय असे वाटले. मग रोनाल्डो दवाखान्यातून थेट मैदानावर आला, 'मी ठीक आहे, मला खेळायचे आहे' असे त्याने झागालोंना सांगितले, आणि सामन्याला सुमारे पाऊण तास उरला असताना दुसरी यादी निघाली. एडमुंडोचे नाव गेले, रोनाल्डोचे आले.

आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता. आमच्या मजल्यावर एकाच घरात मोठा रंगीत टीव्ही होता, तिथे सगळे बिऱ्हाडकरू चटयांवर बसलेले. त्या घरच्या माई फुटबॉलमधले ओ की ठो जाणत नसत; मुलांना चहा करून द्यायला म्हणून जाग्या होत्या. पडद्यावर रोनाल्डोचा चेहरा मोठा दिसला, तशा म्हणाल्या, "अरे, या पोराच्या अंगात कसर आहे. डोळे बघा त्याचे."

"माई, तू आत जा बघू," त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "वर्ल्ड कपची फायनल आहे. कसर बघत कोण बसतंय!"

झटक्याची बातमी तोवर आमच्यापर्यंत आलेलीच नव्हती. माईंना दिसले ते झागालोंना दिसले नसेल असे नाही. पण माईंवर विश्वचषकाची जबाबदारी नव्हती, हा दोघांत मोठा फरक. रोनाल्डो मैदानावर होता एवढेच. खेळत असा नव्हता. झिदानने मध्यंतरापूर्वीच दोन वेळा कॉर्नरवरून आलेला चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला, शेवटी पेतीने तिसरा गोल केला, ब्राझीलचा ३-० असा पराभव झाला. एडमुंडोला आत घेतले ते सामना हातचा गेल्यावर.

या पराभवाची ब्राझीलच्या संसदेने पुढे चौकशी केली. आपल्याकडे धरण फुटले तर बसते, तशी समिती! संघाचे डॉक्टर लिडिओ टोलेडो यांची साक्ष झाली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता, की मी त्याला अडवले असते आणि ब्राझील हरले असते, तर मला उत्तर ध्रुवावर जाऊन राहावे लागले असते. हे वाचून पुष्कळांना हसू आले. मला मात्र त्या माणसाची कीव आली. तपासण्यांत काही सापडले नव्हते, रोगी स्वतः 'बरा आहे' म्हणत होता, दारात देश उभा होता, आणि त्याच्या हाती पाऊण तास होता. त्या पाऊण तासात 'नाही' म्हणणारा डॉक्टर नुसता जाणकार असून भागत नाही. त्याला आपल्या घरादाराची पर्वा नसावी लागते.

यात आणखी एक गंमत आहे. त्याच स्पर्धेच्या तोंडावर, १९९४ चा नायक रोमारिओ पायाचा स्नायू दुखावला म्हणून याच झागालोंनी घरी पाठवला होता. रोमारिओ वार्ताहरांपुढे ढसढसा रडला, आणि विश्वचषक संपण्यापूर्वीच रिओत आपल्या क्लबाकडून खेळू लागला! म्हणजे ज्याला बसवले तो खेळण्याजोगा झाला होता, आणि ज्याला बसवायचे त्याला खेळवले. रोमारिओने याचा सूड कसा उगवला? त्याने आपल्या उपाहारगृहातल्या संडासांच्या दारांवर झागालो आणि त्यांचे सहकारी झिको यांची व्यंगचित्रे रंगवून घेतली. प्रकरण कोर्टात गेले. असो.

दुसरी वेळ आली ती इटलीत. २१ नोव्हेंबर १९९९ रोजी लेच्चे संघाविरुद्ध खेळताना रोनाल्डोच्या उजव्या गुडघ्याला इजा झाली. ही इजा नीट समजून घेण्यासारखी आहे. गुडघ्याची वाटी सुटी असते. वरून मांडीचे मोठे स्नायू तिला ओढून धरतात. खालून एक जाड, चिवट कंडरा तिला नडगीच्या हाडाशी बांधून ठेवते. आपण जिना चढतो, उडी मारतो, धावता धावता एकदम थबकतो, तेव्हा सगळा ताण या कंडरेवर येतो. साध्या माणसाची कंडरा जन्मभर तक्रार करीत नाही. पण रोनाल्डोचा सगळा खेळच वेगाने जाऊन थबकण्याचा आणि थबकून पुन्हा वेग घेण्याचा. त्यात मांडी मल्लासारखी. त्याची ती कंडरा अर्धवट फाटली. कंडरेला रक्ताचा पुरवठा बेताचाच, त्यामुळे ती जोडली तरी सावकाश भरून येते. हाड मोडले तर क्ष-किरणांच्या चित्रात ते सांधले की नाही हे दिसते. कंडरा 'आता पहिल्यासारखी झाली' असे ठणकावून सांगणे कठीण. आणि पायाला विश्रांती दिली, की मांडीचे स्नायू वाळत जातात ते वेगळेच.

पॅरिसचे नामांकित शस्त्रवैद्य जेरार सायाँ यांनी शस्त्रक्रिया केली. जेमतेम पाच महिने झाले. १२ एप्रिल २००० रोजी रोममध्ये लाझिओविरुद्ध इटालियन चषकाच्या अंतिम फेरीचा पहिला सामना होता. सहा दिवसांपूर्वीच रोनाल्डोला मुलगा झाला होता. मध्यंतरानंतर प्रशिक्षक मार्चेलो लिप्पी यांनी त्याला बदली खेळाडू म्हणून आत धाडले, आणि परक्या संघाच्या प्रेक्षकांनीसुद्धा त्याला दाद दिली. सहा-सात मिनिटे गेली. चेंडू पायात घेऊन तो पुढे निघाला, त्याने चेंडूवरून पाय फिरवून आपली नेहमीची हुलकावणी दिली, आणि गुडघ्यातून काहीतरी तुटून तो कोसळला. त्याला कुणी धक्काही लावला नव्हता. गुडघा दोन्ही हातांनी धरून तो असा किंचाळला, की प्रतिस्पर्ध्यांनीही तोंडे फिरवली. कंडरा या वेळी साफ तुटली होती. खालची दोरी तुटल्यावर वरचे स्नायू वाटीला ओढून नेणारच! त्याच्याकडून व्यायाम करून घेणारे ब्राझीलचे निल्टन पेट्रोन यांनी पुढे सांगितले, की वाटी मांडीच्या मध्यापर्यंत वर सरकली होती.

ते दृश्य ज्यांनी दूरदर्शनवर पाहिले असेल, त्यांना ते विसरायला लावणारे औषध अजून निघालेले नाही.

इथे चूक कुणाची? लिप्पींनी त्याला पूर्ण सामना खेळवले नव्हते. थोडा वेळ आत घातले होते. तो स्वतः पाच महिने याच घटकेची वाट पाहत होता. जगातले उत्तम वैद्य त्याला पाहत होते. कुणी बेफिकीर नव्हते, कुणी दुष्ट तर नव्हतेच. मला वाटते, सगळ्यांनी मिळून एकाच साक्षीदारावर फार भिस्त ठेवली, आणि तो साक्षीदार म्हणजे रोनाल्डोचा उत्साह. खेळाडूला विचारा, तो 'हो'च म्हणणार. चेंडूवाचून तो जगलेलाच नसतो. त्याच्या 'हो'ला लबाडी म्हणता येत नाही, पण पुरावाही म्हणता येत नाही. परीक्षेच्या दिवशी एकशेदोन ताप असलेला आपला बंडू 'मला काही होत नाहीये' असे शपथेवर सांगतो, त्यातलाच तो प्रकार.

आपल्याकडच्या वाचकांना इथे नरी कॉन्ट्रॅक्टर आठवल्यावाचून राहणार नाहीत. खेळ निराळा, पण पेच तोच. मार्च १९६२ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात बार्बाडोस संघाच्या चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या या कप्तानाच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, जीव वाचेल की नाही अशी अवस्था झाली. वेस्ट इंडीजचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनी आपले रक्त दिले. कप्तानपद एकवीस वर्षांच्या पतौडींकडे गेले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, डोक्यात धातूची पट्टी बसवून घेऊन पुन्हा बॅट हाती धरून उभे राहिले, आणि देशी क्रिकेटमध्ये अनेक वर्षे खेळले. पण भारताकडून त्यांना पुन्हा एकदाही खेळवले गेले नाही. एखादा तरी कसोटी सामना मिळावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती. ती पट्टी त्यांच्या डोक्यातून काढली २०२२ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी! तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. त्यांना न खेळवणाऱ्यांनी त्यांच्यावर अन्याय केला की त्यांना नातवंडे दाखवली, यावर दोन क्रिकेटप्रेमी आजही तासभर भांडू शकतील. माझा कौल न खेळवणाऱ्यांच्या बाजूने आहे. मात्र त्याची किंमत कॉन्ट्रॅक्टरांनी एकट्याने मोजली हेही मान्य करायला हवे.

तेव्हा 'धोका असेल तर बसवा' हा नियम सोपा आहे. तो तसाच लावायचा, तर रोनाल्डोची तिसरी वेळ आलीच नसती.

सायाँ यांनी गुडघा पुन्हा उघडला, पुन्हा शिवला. या खेपेला घाई नव्हती, कारण घाई करण्यासारखे काही उरलेच नव्हते. संपला, असेच पुष्कळांनी लिहून टाकले. २०००-०१ च्या संबंध हंगामात इटलीच्या साखळी स्पर्धेत तो एकही सामना खेळला नाही. सकाळ-संध्याकाळ पेट्रोनबरोबर व्यायाम. आधी पाय वाकवायला शिकणे, मग चालायला, मग जिना उतरायला, मग धावायला. आपल्या घरात कुणाचे मांडीचे हाड मोडले असेल, तर या दिवसांचा कंटाळा कसा असतो हे सांगायला नको. इथे पंचविशीच्या आतला मुलगा होता, आणि त्याच्या मित्रांचे सामने दर रविवारी दिसत होते. अखेर सतरा महिन्यांनी, सप्टेंबर २००१ मध्ये, तो पुन्हा स्पर्धेत उतरला. उतरला, पुन्हा स्नायू दुखावला, बसला, पुन्हा उतरला. त्या हंगामात साखळीत त्याचे सामने झाले अवघे दहा. मात्र त्या दहांत त्याने सात गोल केले.

तिकडे ब्राझीलची दैना झाली होती. पात्रता फेरीत हा चार वेळचा विश्वविजेता संघ ठेचकाळत होता. २००१ च्या जूनमध्ये लुईस फेलिपे स्कोलारी यांना प्रशिक्षक नेमले. पुढच्याच महिन्यात कोपा अमेरिका स्पर्धेत चिमुकल्या होंडुरासने ब्राझीलला हरवले. अखेरचा सामना जिंकून ब्राझील कसेबसे विश्वचषकाला पात्र ठरले. साऱ्या देशाची एकच मागणी: रोमारिओला घ्या! तो छत्तीस वर्षांचा होता, पण धडधाकट होता, आणि धडाधड गोल करीत होता. राष्ट्राध्यक्ष कार्दोझो यांनीदेखील त्याच्या बाजूने शब्द टाकला. रोमारिओ पुन्हा एकदा वार्ताहरांपुढे रडला. स्कोलारी गडी असा हट्टी, की शिस्तीचा मुद्दा धरून त्यांनी रोमारिओला नाही ते नाहीच घेतले. आणि ज्याचा गुडघा दोनदा शिवलेला, जो अडीच वर्षांत धड पंचवीस सामने खेळला नव्हता, त्या रोनाल्डोला घेतले.

हे वेड होते की हिशेब? वेड तर थोडे असलेच पाहिजे, त्याशिवाय असा निर्णय होत नाही. पण हिशेबही होता, आणि तो १९९८ च्या पाऊण तासाहून फार वेगळा होता. मार्चमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्धच्या मैत्रीच्या सामन्यात स्कोलारींनी त्याला अर्धा सामना खेळवून पाहिला. विश्वचषकात त्याच्या भोवती रिवाल्डो आणि रोनाल्डिन्यो असे दोघे होते, म्हणजे चेंडू मिळवायला त्याला साऱ्या मैदानभर धावावे लागणार नव्हते. आणि स्पर्धा सुरू झाल्यावर स्कोलारी दर सामन्यात डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे पाहत राहिले. बहुतेक सामन्यांत सत्तर मिनिटांच्या आसपास त्याला बाहेर बोलावून बाकावर बसवले. तुर्कस्तानविरुद्धच्या पहिल्या सामन्यात जिंकायला एक गोल हवा होता, तरी बाहेर! इंग्लंडविरुद्ध आपला एक खेळाडू बाद होऊन दहाच जण उरले होते, तरी बाहेर! गवळी नवी व्यालेली म्हैस जसा जपतो, तसे त्यांनी त्याला जपून वापरले.

याच स्कोलारींनी स्पर्धेच्या उंबरठ्यावर आपल्या कप्तानाला मात्र क्षणात घरी पाठवले होते. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात कप्तान एमरसन गमतीने गोलरक्षक म्हणून उभा राहिला, चेंडू अडवायला झेपावला, आणि खांदा निखळला. थांबू, पाहू, उपांत्य फेरीपर्यंत बरा होईल — असले काही नाही. दुसरा खेळाडू बोलावला, कप्तानपद काफूकडे दिले. एकीकडे अडीच वर्षे पायाने अधू असलेल्याला ठेवून घेतो, दुसरीकडे काही आठवड्यांत बरा होणाऱ्याला काढतो! वरवर पाहता विसंगत. पण रोनाल्डोची जखम जुनी होती, तिला पुरेसा अवधी मिळाला होता, ती चाचपून झाली होती. एमरसनची जखम ताजी होती, आणि तिच्या भरण्याचे वेळापत्रक विश्वचषकाच्या वेळापत्रकाशी जुळत नव्हते. स्कोलारी नावे पाहत नव्हते, पंचांग पाहत होते.

हाच प्रश्न त्याच विश्वचषकात आणखी दोन देशांना पडला होता. गतविजेत्या फ्रान्सच्या झिदानची मांडी स्पर्धेच्या पाचच दिवस आधी, मैत्रीच्या सामन्यात दुखावली. त्याच्यावाचून फ्रान्स सेनेगलकडून हरले, उरुग्वेशी बरोबरीत सुटले. तिसऱ्या सामन्यात, घर जळू लागल्यावर, मांडीला पट्टा बांधून झिदानला उतरवले. तो लंगडत खेळला. डेन्मार्कने दोन गोल केले, आणि विश्वविजेते एकही गोल न करता घरी परतले. इंग्लंडच्या बेकहॅमचे तर पावलातले हाड एप्रिलमध्ये मोडले होते. तिथल्या एका वर्तमानपत्राने त्याच्या पायाचे चित्र मोठे छापून, वाचकांनी ठरलेल्या वेळी त्यावर हात ठेवून तो बरा होण्याची इच्छा करावी अशी विनंती केली! नवस फक्त आपणच बोलतो असे नाही तर. बेकहॅम साडेसात आठवड्यांनी खेळला, अर्जेंटिनाविरुद्ध त्याने पेनल्टीवर गोलही केला. पण ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर चेंडूसाठी झोंबी होताना त्याने पाय उचलून उडी मारली, चेंडू ब्राझीलकडे गेला, आणि तिथून पुढे जात जात रिवाल्डोने बरोबरीचा गोल केला. पाय बरा झाला होता. पायाचा मालक अजून त्याला सांभाळत होता. डॉक्टरच्या दाखल्यात याचा रकाना नसतो.

रोनाल्डोला ती भीती नव्हती का? असली पाहिजे. उपांत्य सामन्यापूर्वी त्याची मांडी धरली होती, आणि तो खेळणार की नाही याचीच चर्चा चालली होती. हा पठ्ठ्या डोक्याचा चकोट करून, कपाळावर तेवढा केसांचा त्रिकोणी पुंजका ठेवून सरावाला आला. झाले! दुसऱ्या दिवशी मांडी कुणाच्या लक्षातही नाही, सगळे केसांबद्दल बोलू लागले. आपण ते मुद्दाम केले होते, असे त्याने पुढे कबूल केले. आणि ज्या आयांना आपल्या मुलांची तशी डोकी पाहावी लागली, त्यांची माफी मागितली. त्या माफीचा हक्क आमच्या मजल्यावरच्याही दोन आयांना पोचतो.

३० जून २००२, रविवार. जपानातल्या योकोहामा शहरी रात्र, आपल्याकडे दुपारचे साडेचार. माईंच्या घरी तीच मंडळी, चार वर्षांनी थोराड झालेली. या वेळी माईही खुर्ची घेऊन पुढे बसलेल्या. समोर जर्मनी, आणि जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान, ज्याला तोवर साऱ्या स्पर्धेत एकदाच चकवता आले होते. सदुसष्टाव्या मिनिटाला रिवाल्डोचा फटका कानच्या हातून सुटला, आणि सुटलेल्या चेंडूवर सर्वांच्या आधी पोचला रोनाल्डो. बारा मिनिटांनी रिवाल्डोने चेंडू पायाखालून सोडून दिला, मागे रोनाल्डो उभा होता. त्याने तो शांतपणे कोपऱ्यात ठेवला. २-०. स्पर्धेत त्याचे आठ गोल झाले. १९७८ पासून १९९८ पर्यंत दर विश्वचषकात सर्वाधिक गोल करणाऱ्याची मजल सहापर्यंतच गेली होती.

नव्वदाव्या मिनिटाला, विजय खिशात असताना, स्कोलारींनी त्याला बाहेर बोलावलेच. तो बाहेर आला, आणि लहान मुलासारखा रडला. "चालतोय नीट," माई म्हणाल्या. तेवढेच त्या पाहत होत्या.

गोष्ट इथे संपवता आली तर किती बरे झाले असते! पण या सगळ्याचे बिल कुणी भरले ते सांगितले नाही, तर हिशेब अपुरा राहील. बिल भरले इंटर मिलानने. जवळजवळ तीन वर्षे त्यांनी त्याला पगार दिला, वाट पाहिली, तो मैदानात पडला तेव्हा त्यांचे प्रेक्षक रडले. मे २००२ मध्ये, विश्वचषकाच्या महिनाभर आधी, इंटरने शेवटच्या सामन्यात हातातले अजिंक्यपद घालवले, तेव्हा रोनाल्डोही बाकावर तोंड झाकून रडला होता. विश्वचषक जिंकून आल्यावर, प्रशिक्षक एक्टर कूपर यांच्याशी पटत नाही म्हणून, तो माद्रिदला निघून गेला. त्याच्यासाठी ज्यांनी वाट पाहिली त्यांना तो बरा झालेला फारसा पाहायला मिळालाच नाही. इंटरच्या चाहत्यांनी त्याला कृतघ्न म्हटले. त्यांचे मला चुकीचे वाटत नाही. जखमी खेळाडूला सांभाळणारा एक आणि त्याचे फळ खाणारा दुसरा, असे झाले म्हणजे पुढच्या वेळी सांभाळायला कोण पुढे येईल? आणि रोमारिओ? तो धडधाकट असूनही बाहेर बसला, ती जागा रोनाल्डोच्या नावावर निघाली नसली तरी मोजायला नको का? ब्राझील जिंकले म्हणून ती मोजली गेली नाही. हरले असते तर स्कोलारींना उत्तर ध्रुवही पुरला नसता.

२००८ च्या फेब्रुवारीत रोनाल्डोची दुसऱ्या, म्हणजे डाव्या गुडघ्याची तीच कंडरा तुटली. तेव्हा तो एसी मिलान संघात होता, वय एकतीस. मिलानने करार पुढे वाढवला नाही. तो ब्राझीलला परतला, रिओत फ्लामेंगो क्लबाच्या मैदानावर त्याने व्यायाम केला, आणि सही केली साओ पावलोच्या कोरिंथियन्सकडे! फ्लामेंगोवाले चिडले ते चिडलेच. मार्च २००९ मध्ये, सुटलेल्या पोटाने आणि शिवलेल्या दोन्ही गुडघ्यांनी, तो पाल्मेरासविरुद्ध उतरला, आणि सामना संपता संपता त्याने डोक्याने बरोबरीचा गोल केला. आनंदाच्या भरात तो प्रेक्षकांच्या जाळीवर चढला; पलीकडून लोकांनी गर्दी केली, आणि ती जाळीच खाली आली.

त्यानंतर तो दोन वर्षे खेळला. १४ फेब्रुवारी २०११ रोजी, चौतिसाव्या वर्षी, त्याने वार्ताहरांना बोलावले. डोक्यात एक चाल येते, पण ती पायांतून तशी उतरत नाही, असे त्याने सांगितले. आपण आपल्या शरीराकडून हरलो, असेही म्हणाला. या वेळी त्याला कोणी प्रशिक्षकाने बसवले नव्हते, आणि कोणा डॉक्टरला दाखला मागितला नव्हता.